हाकेला ओ

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावची ही एक वाडी. पारध होते, देवीचा कौल घेतला जातो आणि मग ग्रामस्थ जत्रेचा दिवस ठरवतात. ठरलेला दिवस जाहीर होतो, एवढंच. आमंत्रणपत्रिका निघत नाही, कुणाला ‘या’ म्हटलं जात नाही. तरीही ती तारीख वर्तमानपत्रांत छापून आली, की लालबाग-परळपासून विरार-नालासोपाऱ्यापर्यंतच्या घरांत रजेचे अर्ज लिहिले जातात, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, आणि त्या दिवशी लाखो माणसं ओटी घेऊन वाडीच्या माळावर रांगेत उभी असतात.

एका तारखेत एवढं बळ कुठून येतं? धंद्याची वेबसाइट करायला बसलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे. वेबसाइटच्या व्यवसायात ‘कॉल टू ॲक्शन’ नावाची एक चीज असते. पानावर आलेल्या माणसाने आता काय करायचं, ते सांगणारी ओळ किंवा बटण. खोली राखून ठेवा, पेटी मागवा, फोन करा. बाकीचं सगळं पान त्या ओळीपर्यंत माणसाला आणून सोडण्यासाठी असतं. मराठीत यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही, कारण आपल्याकडे ‘हाक’ आहे. आणि हाकेच्या जोडीला ‘ओ’ आहे. हाक मारणाऱ्याला ओ हवी असते, तर ओ देणाऱ्याला समोर कोण उभं आहे ते कळायला हवं असतं. मालवणच्या किनाऱ्याने हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. देवळात, वाळूत, बंदरावर, रस्त्याच्या कडेला आणि आता मोबाइलच्या पडद्यावर.

देवळापासूनच सुरुवात करायला हवी. या भागात गाऱ्हाणं घातल्याशिवाय शुभकार्य सुरू होत नाही. लग्न असो, जत्रा असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून मागणं मांडतो आणि त्याचं प्रत्येक वाक्य संपलं की जमलेली माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाणं घालणाऱ्याचं कसब नीट ऐकलं की कळतं. तो एका दमात एकच मागणं मांडतो, मग थांबतो. त्या थांबण्यात लोकांच्या होकाराची जागा असते. पाच मागण्या एकत्र बांधल्या, तर ‘व्हय म्हाराजा’ नेमकं कशाला म्हणायचं ते कुणालाच उमगणार नाही. हाक कशी बांधावी याचा हा बहुधा या मातीतला सगळ्यात जुना धडा, आणि तो आजही जसाच्या तसा लागू पडतो.

दवंडी हा दुसरा धडा. आधी वाद्य वाजायचं, मग ‘ऐका हो ऐका’, मग कुणाच्या हुकमाने, काय, कधी आणि कुठे. हा क्रम गावोगाव सारखाच होता आणि त्याला कारण होतं. दवंडी चालत्या पायांनी दिली जायची. या नाक्यावरचा माणूस ऐकलेलं पुरतं कळावं म्हणून पुढच्या नाक्यापर्यंत मागे येणार नव्हता. त्यामुळे जे सांगायचं ते त्याच्या दारासमोरून जाताजाता पुरं व्हायला हवं. आज मोबाइलवर अंगठ्याने पान सरकवणारा माणूस त्या दारातल्या माणसासारखाच आहे. फरक इतकाच, की आता दवंडी जागेवर असते आणि माणूस पुढे जातो.

पण या किनाऱ्याची खरी हाक वाळूवरची. रापणीची.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी समुद्रात शिरून अर्धवर्तुळ काढत जाळं सोडत जाते, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर राहतात आणि दोन्हीकडे माणसं उभी राहून ते एका लयीत ओढतात. गाबीत समाजाने जपलेली ही मासेमारी. एकट्याचं हे काम नव्हे, दोघाचौघांचंही नव्हे. पाण्यावर मासळीची हालचाल दिसली, वर पक्ष्यांनी गर्दी केली, की जाणत्याची हाक जायची आणि घराघरातून माणसं धावायची. इथे उशिराला क्षमा नव्हती, कारण मासळी थांबत नाही. त्यामुळे त्या हाकेतली घाई खरी होती. आणि धावणाऱ्याला आणखी एक गोष्ट पक्की माहीत होती: दोराला हात लावला की वाटा मिळतो. काय करायचं, केव्हा करायचं आणि केल्यावर काय हाती लागेल, या तिन्ही गोष्टी रापणीच्या हाकेत न बोलता सामावलेल्या असत. वेबसाइटच्या बटणावर आज शेकडो पानांची पुस्तकं लिहिली जातात. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांचा गाभा मालवणच्या वायरी-दांडीच्या वाळूवर उभं राहिलं तरी हाती येईल.

संध्याकाळी मालवणच्या बंदरावर होणारा मासळीचा लिलाव हा त्याच हाकेचा बाजारी अवतार. टोपली पुढे येते, बोली चढते, तुटते, पुढची टोपली. घेणारा आणि देणारा समोरासमोर असतात आणि माल दोघांच्या डोळ्यांपुढे. थोडेच शब्द पुरतात, कारण सांगायचं ते मासळीच सांगत असते.

माल आणि गिऱ्हाईक यांच्यात अंतर पडलं, तिथून हाकेचं काम अवघड झालं. मालवणच्या बाबतीत हे अंतर आगबोटींनी आणलं. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत कामाला गेलेला चाकरमानी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटीने गावी यायचा. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत ती खाली उतरायची. मालवणचं बंदर खडकांचं, मोठी बोट आत येत नसे, ती बाहेर उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, पोती काठाला लागायची. पावसाळ्यात वाहतूक बंद. म्हणजे वर्षाचे काही महिने गाव आणि मुंबई यांच्यात बोलावणं जायचं ते फक्त पत्राने आणि मनीऑर्डरीच्या कागदावरच्या चार ओळींनी. त्या चार ओळींत काय लिहायचं ते ठरवणं सोपं नव्हतं. ‘गणपतीक येवा’ एवढ्या दोन शब्दांत घरचा सगळा हिवाळा-पावसाळा बसवावा लागे.

अंतर ओलांडणारा दुसरा कागद छापील. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. मराठीतलं हे पहिलं वृत्तपत्र. त्याची एक गोष्ट इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एकाच पानावर दोन उभे स्तंभ असत, एकात मराठी मजकूर, दुसऱ्यात इंग्रजी. वाचकाला कुठली भाषा जवळची आहे हे जांभेकरांनी वाचकावर सोडलं होतं. मराठीला पान मिळालं ते इंग्रजीच्या बरोबरीने, तळटीप म्हणून नव्हे. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्यांच्याच जिल्ह्यातल्या हॉटेलांच्या वेबसाइटी उघडल्या, की मराठी स्तंभ बहुतेक ठिकाणी गळालेला दिसतो. याचं वाईट वाटतं.

छापील हाकेचा सगळ्यात यशस्वी कारागीर मात्र खुद्द मालवणचा. जयंतराव साळगावकर यांचा जन्म १ फेब्रुवारी १९२९ रोजी मालवणात झाला. मुंबईत वर्तमानपत्रांत त्यांनी काम केलं, शब्दकोडी रचली, आणि १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं. पंचांग भटजींच्या हातातून काढून घराच्या भिंतीवर आणणं हे त्यांचं मोठं काम. पण त्याची जाहिरातही तितकीच अभ्यासण्यासारखी आहे. ज्या ओळीने हे कॅलेंडर घराघरांत पोचलं, तिच्यात ‘विकत घ्या’ नाही, ‘त्वरा करा’ नाही, किंमत नाही. ते कुठे असावं तेवढं सांगितलं आहे: भिंतीवर. आणि क्रियापद विध्यर्थी. ‘असावे’. आज्ञा करणारं क्रियापद ऐकणाऱ्याला गिऱ्हाईक करतं, विध्यर्थ त्याला घरातला जाणता माणूस मानतो. देवघरात समई असावी, दारात तुळस असावी, त्याच चालीत हेही असावं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपलीच भिंत आणि तिच्यावरचा रिकामा खिळा उभा राहतो, आणि डिसेंबरात तो दुकानात जाऊन कॅलेंडर मागतो. मराठी व्याकरणातल्या एका अर्थाने केलेला एवढा मोठा व्यापार दुसरा क्वचितच असेल.

हाकेला आणखी एक आधार लागतो, तो म्हणजे ओळखीच्या माणसाचा शब्द. मच्छिंद्र कांबळी यांनी रंगभूमीवर आणलेलं, गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये आलं तेव्हा सुरुवातीला प्रेक्षक फारसे फिरकत नव्हते. मालवणी बोलीतलं नाटक शहरी प्रेक्षकाला अनोळखी होतं. पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहिलं, मनापासून दाद देणारं पत्र लिहिलं, आणि ते पत्र जाहिरातीत छापलं गेलं. त्यानंतर या नाटकाने जे प्रयोग केले ते हजारांत मोजावे लागतात. नाटक तेच होतं. हाक कुणाच्या तोंडून आली, ते बदललं. आज खोली घेण्याआधी आलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचले जातात, त्यामागे हीच गरज आहे, आणि म्हणूनच विकत घेतलेले खोटे अभिप्राय हा गुन्हा मानायला हवा.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर करण्यात आलं आणि जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. कुडाळला उतरून मालवण, तारकर्ली, देवबाग अशी पर्यटकांची वाट पडली. आधी तारकर्लीत पर्यटन महामंडळाचं निवासस्थान, मग ‘निवास-न्याहारी’ योजनेत घराच्या दोन खोल्या रंगवून तयार ठेवलेली कुटुंबं, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या. देवबाग म्हणजे कर्ली नदीचं पात्र आणि समुद्र यांच्यातली जमिनीची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर आज माडांइतक्याच पाट्या दिसतात.

या पाट्यांची भाषा फार समंजस आहे. ‘घरगुती जेवण मिळेल.’ ‘राहण्याची सोय आहे.’ ‘ऑर्डरप्रमाणे मासे करून मिळतील.’ ‘मिळेल’ हे क्रियापद बघा. त्यात भविष्य आहे आणि वचनही आहे. ‘आमच्याकडे या’ असं पाटी म्हणत नाही. तुम्ही आलात तर काय हाती पडेल ते सांगते आणि निर्णय तुमच्यावर सोपवते. ‘घरगुती’ या एका शब्दात तिखट किती, तेल किती, वाढणारं कोण, याची उत्तरं येतात. आणि खानावळीच्या दारातला खडूचा फळा तर या कलेचा कळस. सुरमई, बांगडा, मोरी, तिसऱ्या. जे आज बंदरावर मिळालं तेवढंच फळ्यावर, संपलं की ओल्या फडक्याने पुसलेलं. दुपारी दोन वाजता पुसट झालेली पापलेटची जागा बघून उपाशी माणूसही त्या खानावळीवर विश्वास टाकतो. फळा खोटं बोलत नाही हे त्याला कळलेलं असतं.

या सगळ्यांच्या वरची हाक मात्र कुणी एकट्याने लिहिलेली नाही: ‘येवा, कोकण आपलाच आसा.’ पहिल्या शब्दात कृती, उरलेल्या तिनांत कारण. कारणही कसलं, तर स्वस्ताई किंवा सौंदर्य असलं काही नव्हे, मालकी. येणाऱ्यालाच घरधनी करून टाकलं. पर्यटनाच्या जाहिरातींवर इतका खर्च होतो, पण या चार शब्दांची बरोबरी करणारी ओळ महाराष्ट्रात अजून कुणाला सुचलेली नाही, असं ठामपणे म्हणता येईल.

मालवणच्या जेटीवर हंगामात अशीच एक हाक रोज कानावर पडते. समोर कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, आणि त्याच्याकडे नेणाऱ्या होड्या. ‘किल्लो बघूक येतलात?’ असा प्रश्न येतो. प्रश्नातच आदर आहे आणि उत्तर हो किंवा नाही इतकं सोपं. किल्ल्याची होडी सेवा पावसाळ्यात बंद असते, तेव्हा कुणी हाक मारत नाही. समुद्र नाही म्हणाला की जेटीही गप्प बसते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र याच किनाऱ्यावर हाकांचा गलका वाढला. स्कूबा, स्नॉर्कलिंग, पॅरासेलिंग, बनाना राइड, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड. गाडी थांबायच्या आत चार माणसं काचेशी येतात. हंगाम आठ महिन्यांचा, कर्ज बारा महिन्यांचं, त्यामुळे त्यांची घाई समजून घ्यायला हवी. पण होडी भरली की हाकेचं काम संपत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी होडी उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. माणसाला होडीत बोलावणारी प्रत्येक ओळ, मग ती तोंडी असो, पाटीवरची असो की वेबसाइटवरची, लाइफ जॅकेट, माणसांची मर्यादा आणि समुद्राची स्थिती यांच्यासकटच दिली पाहिजे. ‘आत्ताच बुक करा’च्या शेजारी ‘वारा सुटला तर फेरी रद्द, पैसे परत’ असं लिहिणारा धंदेवाला गिऱ्हाईक गमावत नाही. ते लिहिलेलं बघूनच मुलाबाळांची माणसं पैसे भरतात.

इथून गोष्ट पडद्यावर येते. इंटरनेटवरची पहिली मोठी हाक २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर लागली. ‘एटी अँड टी’ कंपनीची एक आडवी पट्टी. इथे कधी टिचकी मारली आहे का, असं विचारून ती पुढे स्वतःच भाकीत करत होती, की माराल. पाहणाऱ्यांतल्या सुमारे ४४ टक्के लोकांनी मारली. तो नवलाईचा काळ होता. आज अशा पट्ट्यांवर शंभरात एकानेही बोट ठेवलं तर जाहिरातदार खूश होतो. गलका वाढला की कान मिटतात, हे जेटीवर खरं आहे तसं इथेही.

दुसरी एक गोष्ट जास्त उपयोगाची. २००९ मध्ये जेरेड स्पूल या वेब-अभ्यासकाने एका बड्या अमेरिकी विक्रेत्याचा अनुभव लिहिला. माल निवडून झाल्यावर, पैसे भरण्याआधी, गिऱ्हाइकाला ‘नोंदणी करा’ असं बटण दिसत असे. लोक तिथे अडत होते. आम्ही नातं जोडायला आलो नाही, वस्तू घ्यायला आलोय, असं त्यांचं म्हणणं. बटण बदलून ‘पुढे चला’ केलं, खाली एक ओळ लिहिली की खरेदीसाठी नोंदणीची गरज नाही. खरेदी पूर्ण करणारे गिऱ्हाईक ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात तीस कोटी डॉलरची जादा विक्री झाली. मालवणी घरात पाव्हणा आला की आधी पाणी आणि गूळ पुढे येतो, ‘खंयसून इलात’ ही चौकशी मागाहून. स्पूलच्या विक्रेत्याला जे कळायला संशोधन लागलं, ते इथे ओटीवर रोज घडतं.

मग याच घरांच्या वेबसाइटी अशा का? कुठलीही चार-पाच उघडून बघा. वर निळ्या समुद्राचा फोटो, तो पुष्कळदा दुसऱ्याच देशातला. मग इंग्रजी बटणं, किंवा त्यांची शब्दाला शब्द लावून केलेली मराठी: ‘सादर करा’, ‘अधिक जाणून घ्या’, ‘आता एक्सप्लोर करा’. ‘सादर करा’ हा तहसील कचेरीतल्या खिडकीचा शब्द आहे. सोलकढी प्यायला निघालेल्या माणसापुढे तो कशाला? नावगाव, ईमेल, पत्ता, माणसं किती, मुलं किती, शेरा, अशा दहा चौकटी भरल्यावर ‘आम्ही लवकरच संपर्क साधू’ असा निरोप येतो आणि संपर्क कुणी साधत नाही. फोन नंबर दिलेला असतो, पण चित्रात. त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही, तो कागदावर उतरवून घ्यावा लागतो. दर कुठेच नाही. यात घरधन्याचा दोष थोडाच आहे. शहरात बसून साचे विकणाऱ्याने त्याला हे दिलेलं असतं, आणि ज्याच्या तोंडी ‘येवा’ आहे त्याच्या दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी लागलेली असते.

२०२२ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. ती पाटी रस्त्यावरची. पडद्यावरच्या पाटीसाठी कायद्याची वाट बघण्याचं कारण नाही. घरच्या बोलण्यातच बटणं तयार पडलेली आहेत. ‘खोली रिकामी आहे का विचारा.’ ‘दर बघा.’ ‘उद्याचं जेवण सांगून ठेवा.’ हे शेवटचं तर नुसतं बटण नव्हे, धंद्याची रीतच आहे. घरगुती खानावळीत मासळी सकाळी बंदरावरून येते, म्हणून किती पानं ते आधी कळावं लागतं. ‘जेवण सांगून ठेवा’ म्हटलं की पाहुण्याला कळतं की इथे फ्रीजमधलं वाढणार नाहीत. एका बटणाने काम झालं आणि ताज्या मासळीची जाहिरातही झाली.

आणि एका पानावर मुख्य बटण एकच. गाऱ्हाण्यासारखं. खोली, जेवण, स्कूबा, रिक्षा, काजू, मालवणी मसाला, सगळं एकाच रंगात ओरडू लागलं तर ‘व्हय’ कशाला म्हणायचं? ज्याला फोन सोपा त्याच्यासाठी फोन, ज्याला व्हॉट्सॲप सोपं त्याच्यासाठी तेही, पण दोन्ही त्याच एका कामासाठी. बटण अंगठ्याला सापडेल एवढं मोठं, आणि खाली एक ओळ: फोन कोण उचलेल, किती ते किती वाजेपर्यंत.

या बाबतीत देवगडच्या आंबेवाल्यांनी चांगली वाट दाखवली आहे. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था आपल्या संकेतस्थळावरून हापूस विकते. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जाणं थांबलं नाही. तेव्हा २०२५ च्या हंगामापासून संस्थेने फळाफळावर स्वतंत्र क्रमांकाचा शिक्का चिकटवण्याची पद्धत आणली. घेणाऱ्याने त्याचा फोटो काढायचा, दिलेल्या नंबरवर व्हॉट्सॲपने पाठवायचा, शिक्का फाडून मागचा आकडा पडताळायचा. हीसुद्धा हाकच आहे, आणि फार धीट हाक. ‘विश्वास ठेवा’ असं ती म्हणत नाही. ‘तपासून बघा’ म्हणते. पूर्वी लाकडी पेटीवर बागायतदाराचं नाव आणि गाव छापलेलं असे, ते काम आता सुटं फळ करू लागलं आहे.

याच्या उलट टोकाला खोटी घाई. ‘फक्त एक खोली शिल्लक’, ‘आत्ता २७ जण हे पान बघताहेत’, उलटं धावणारं घड्याळ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या पद्धतींची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई तिच्यात आहे, बिल भरताना हळूच वाढवलेली रक्कमही आहे. मालवणात खरी घाई पुरेशी आहे. मे महिन्यात, नाताळात, आंगणेवाडीच्या जत्रेला खोल्या खरोखरच मिळत नाहीत. रापणीची हाक ऐकून माणसं धावायची, कारण तिथे मासळी असायची. मासळी नसताना तीनदा हाक मारणाऱ्याच्या दोराला चौथ्यांदा कोण हात लावील?

ओ मिळाल्यावर काय, हा शेवटचा मुद्दा आणि सगळ्यात दुर्लक्षित. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असताना वेबसाइट मात्र किल्लादर्शनाचं पॅकेज विकत राहते. फोन वाजतो आणि वाजून थांबतो. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काहीच नाही. पुण्यात किंवा कोल्हापुरात सुट्टीचा बेत आखणारं कुटुंब तोपर्यंत गोव्यातली खोली घेऊन मोकळं झालेलं असतं. त्यांना गोवाच हवा होता असं नाही. तिथून उत्तर आलं, इतकंच.

तेव्हा देवबाग, तारकर्ली, आचरा, निवती, भोगवे, कुणकेश्वर इथल्या घरधन्यांना एक विनंती. या गणपतीत मुंबई-पुण्याची मुलं घरी येतील. आरती झाली, मोदक झाले, की त्यांच्यातल्या एखाद्याकडून आपली वेबसाइट मोबाइलवर उघडून घ्या आणि तो मोबाइल घरातल्या आजीच्या हाती द्या. खोली हवी असेल तर कुठे बोट ठेवशील, एवढंच तिला विचारा आणि गप्प राहा. तिला जागा सापडली नाही, तर दिवाळीच्या हंगामाआधी ते पान बदलून घ्या. आणि बटणावर काय लिहायचं तेही तिलाच विचारा.